ऑटोकॅडमध्ये काय वर, काय खाली: ड्रॉ ऑर्डर नीट समजून घेऊ

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या प्रोग्रॅममध्ये केलेल्या साइट प्लॅनची प्रिंट हातात येते आणि प्लॉटची जाड हद्दरेषा एका बाजूला बारीक दिसते. तीन बाजू ठसठशीत, रस्त्याकडची चौथी मात्र निम्म्या जाडीची. लेयरचं लाइनवेट, म्हणजे रेषेची जाडी, तपासलं तर ०.५० मिमी, बरोबर आहे. कोणता रंग किती जाडीने छापायचा ते ठरवणारी सीटीबी फाइल उघडून पाहिली, तिथेही जाडी बरोबर. पॉलीलाइन (सलग जोडलेली रेषा) एकच आहे, म्हणजे एकाच बाजूला ती बारीक व्हायचं काही कारण नाही. तरी प्रिंटवर बारीकच.

कारण लाइनवेटमध्ये नसतंच. रस्ता हिरव्या सॉलिड हॅचने, म्हणजे भरीव रंगाने, भरलेला आहे आणि तो हॅच हद्दरेषेच्या वर बसला आहे. हॅचची कड रेषेच्या मध्यापर्यंत येते. त्यामुळे ०.५० मिमीच्या रेषेचा बाहेरचा ०.२५ मिमी भाग हिरव्याखाली गेला आणि आतला ०.२५ मिमी उरला. आतूनही एखादा सॉलिड हॅच त्याच रेषेला येऊन भिडला असेल, तर रेषा पूर्णच गायब होते. स्क्रीनवर लाइनवेट बंद ठेवून काम करायची बहुतेकांना सवय असते, त्यांना हे प्रिंट निघेपर्यंत कळत नाही.

आपल्याकडच्या सबमिशन ड्रॉइंगमध्ये हा प्रश्न हमखास येतो. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये प्लॅन रंगवण्याचा तक्ता आहे: प्लॉटची हद्द जाड काळी, अस्तित्वातला रस्ता हिरवा, प्रस्तावित बांधकाम लाल भरलेलं, पाडायचं बांधकाम पिवळं हॅच केलेलं, बांधकामाची परवानगी असलेली रेषा जाड तुटक काळी. म्हणजे एकाच कागदावर भरीव रंग, जाड रेषा, तुटक रेषा आणि त्यावर मापं व अक्षरं. काय वर आणि काय खाली हा क्रम, म्हणजे ड्रॉ ऑर्डर, बिनसला, तर लाल भरावाखाली इमारतीचं नाव जातं, मार्जिनचं माप जातं, तुटक रेषेचे अर्धे तुकडे जातात. तपासणाऱ्या इंजिनिअरला जे दिसत नाही ते त्याच्या लेखी दाखवलेलंच नसतं.

अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा लेयर मॅनेजर उघडतात आणि लेयर वर-खाली सरकवायचं बटण शोधतात. ऑटोकॅडच्या लेयर मॅनेजरमध्ये ते सापडत नाही. फोटोशॉपमध्ये लेयर ओढून वर नेता येतो, इलस्ट्रेटरमध्ये नेता येतो, क्यूजीआयएसमध्येही यादीत वर असलेला लेयर नकाशावर वर दिसतो. ऑटोकॅडच्या यादीत लेयर नावाप्रमाणे लागतात, कॉलमवर क्लिक केलं तर रंगाप्रमाणे किंवा आणखी कशाप्रमाणे लागतात, पण त्या यादीतल्या जागेचा ड्रॉइंगशी काडीचाही संबंध नसतो. लेयरच्या नावापुढे ०१, ०२, ०३ असे आकडे लावून पाहणारेही भेटतात. त्याने यादी नीटनेटकी दिसते, एवढंच.

हे असं का, याचं उत्तर कॉम्प्युटरच्या आधीच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये आहे. एका पारदर्शक शीटवर इमारतीचा प्लॅन, दुसरीवर प्लंबिंग, तिसरीवर विजेचं काम, आणि लागतील त्या शीट एकावर एक ठेवून प्रिंट काढायची, अशी पद्धत मोठ्या ऑफिसांमध्ये होती. शीट सरकू नयेत म्हणून कडेला भोकं पाडलेली पॉलिस्टर फिल्म खुंट्यांच्या पट्टीवर बसवत. आपल्याकडे ट्रेसिंग पेपर आणि अमोनिया प्रिंटवर काम केलेल्या जुन्या ड्राफ्ट्समनना शीटवर शीट ठेवून पाहणं ओळखीचं आहे. या पद्धतीत कोणती शीट वर आणि कोणती खाली याने काहीच बिघडत नाही, कारण शीट पारदर्शक आहे आणि तिच्यावर फक्त शाईच्या रेषा आहेत. रेषेखालून रेषा दिसतेच. कोणती शीट घ्यायची आणि कोणती वगळायची, एवढाच प्रश्न असतो.

ऑटोकॅडची पहिली आवृत्ती १९८२ च्या डिसेंबरमध्ये आली तेव्हा लेयरची कल्पना याच पद्धतीतून आली. ड्रॉइंग छापलं जायचं पेन प्लॉटरवर. पेन प्लॉटर कागदावर खरीखुरी शाईची रेषा ओढतो. आधी ओढलेली रेषा त्याला झाकता येत नाही. त्यामुळे लेयरला क्रम देण्याची कुणाला गरजच भासली नाही. पुढे १९९७ च्या रिलीज १४ मध्ये सॉलिड हॅच आणि स्कॅनसारख्या रास्टर इमेज आल्या, आणि झाकलं जाणं हा रोजचा त्रास झाला. त्याच वेळी ड्रॉऑर्डर ही कमांडही आली. पण तोवर लेयरचा अर्थ पक्का झाला होता आणि तो बदलला नाही.

आजही लेयर म्हणजे एक गट. त्या गटाचा रंग, लाइनटाइप, लाइनवेट, छापायचा की नाही, आणि २०११ पासून पारदर्शकता, इतकं लेयर ठरवतो. गट लपवता येतो, फ्रीझ करता येतो, लॉक करता येतो. ‘मी वर की खाली’ ही माहिती लेयरच्या नोंदीत साठवायला जागाच नाही.

मग ती माहिती असते कुठे? प्रत्येक ऑब्जेक्टपाशी. हे एक वाक्य मनात पक्कं बसलं की निम्मा गोंधळ संपतो, म्हणून इथे जरा थांबतो.

ऑटोकॅडमध्ये एखादी रेषा, वर्तुळ, हॅच, टेक्स्ट, काहीही तयार झालं की त्याला एक हँडल मिळतो. हा त्या ऑब्जेक्टचा फाइलमधला कायमचा नंबर. लिस्ट कमांड दिली की तो दिसतो. नंबर चढत्या क्रमाने दिले जातात, त्यामुळे नंतर काढलेल्या ऑब्जेक्टचा हँडल मोठा. ड्रॉइंग स्क्रीनवर उमटतं तेव्हा लहान हँडलपासून सुरुवात होते आणि मोठ्या हँडलकडे जात राहते. कॅनव्हासवर रंगवणारा चित्रकार आधी आकाश भरतो, त्यावर डोंगर, त्यावर झाड. नंतरचा रंग आधीच्याला झाकतो. कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये या पद्धतीला चित्रकाराच्याच नावाने ओळखतात. तुम्ही काही केलं नाही तर ऑटोकॅडमधला क्रम हाच असतो: जे शेवटी काढलं ते वर. म्हणून रस्त्याचा हॅच उशिरा भरला की तो आधीच्या सगळ्यावर येऊ शकतो (हॅचची वेगळी सेटिंग पुढे पाहू), आणि म्हणूनच मोजणी नकाशाच्या क प्रतीचं स्कॅन काम अर्धं झाल्यावर जोडलं की सगळं ड्रॉइंग त्याच्याखाली दिसेनासं होतं.

आता क्रम बदलला की आत काय घडतं ते पाहू. समजा हद्दरेषेचा हँडल १२०, हद्दीच्या टेक्स्टचा १२१ आणि रस्त्याच्या हॅचचा १२२ आहे. तुम्ही हॅच निवडून सगळ्यांच्या मागे पाठवला. हॅचचा हँडल बदलत नाही, तो कायमचा आहे. त्याऐवजी फाइलमध्ये एक वेगळी क्रमाची यादी तयार होते. त्या यादीत प्रत्येक ऑब्जेक्टच्या खऱ्या हँडलसमोर एक ‘क्रमासाठीचा हँडल’ लिहिलेला असतो: १२२ समोर १२०, १२० समोर १२१, १२१ समोर १२२. स्क्रीनवर उमटवताना ऑटोकॅड हा दुसरा आकडा बघतं. तेच तीन आकडे, फक्त वाटणी बदलली. हॅच आता पहिला उमटतो, मग रेषा, मग टेक्स्ट.

या यादीबद्दल दुसरी महत्त्वाची गोष्ट: ती संपूर्ण फाइलसाठी एक नसते. मॉडेल स्पेसची (जिथे खरं ड्रॉइंग काढतात) एक, प्रत्येक लेआउटची (छापायच्या कागदाच्या मांडणीची) आपापली, आणि प्रत्येक ब्लॉकच्या (एका नावाखाली एकत्र बांधलेल्या ऑब्जेक्टच्या) आतली वेगळी. एका यादीतल्या ऑब्जेक्टला दुसऱ्या यादीतल्या ऑब्जेक्टच्या मधे घुसवता येत नाही. पुढे ज्या अडचणी येणार आहेत त्यातल्या बहुतेक या एकाच कारणाने येतात.

कमांडचं नाव ड्रॉऑर्डर, छोटं नाव डीआर. (या लेखातली कमांडची नावं रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता टाइप करायची.) ऑब्जेक्ट निवडून राइट क्लिक केलं तरी ड्रॉ ऑर्डरचा मेनू मिळतो. पर्याय चार: फ्रंट, बॅक, अमुक ऑब्जेक्टच्या वर, अमुक ऑब्जेक्टच्या खाली. पहिले दोन सगळे वापरतात. उरलेले दोन फारसे कुणी वापरत नाही, आणि मला ते जास्त उपयोगी वाटतात, कारण फ्रंट म्हणजे सगळ्यांच्या वर. एका चेंबरला रस्त्याच्या भरावावर आणायचं आहे म्हणून फ्रंट दिलं तर तो मापांवरही येऊन बसतो. ‘वर’ हा पर्याय घेऊन फक्त भराव दाखवला की बाकी काही हलत नाही. एकदम अनेक ऑब्जेक्ट निवडून क्रम बदलला तर त्यांच्यातला आपापसातला क्रम तसाच राहतो. हे लक्षात ठेवा, पुढे याच्यावरच सगळी युक्ती उभी आहे.

टेक्स्टटूफ्रंट ही कमांड सगळी टेक्स्ट, मापं, लीडर (बाणाच्या टिपा) किंवा तिन्ही एकदम वर आणते. निवडायची गरज नाही. हॅचटूबॅक सगळे हॅच मागे पाठवते. दोन्ही छान आहेत, पण हॅचटूबॅकमध्ये एक खोच आहे: ती हॅच खरोखरच सगळ्यांच्या मागे पाठवते, म्हणजे स्कॅन केलेल्या नकाशाच्याही मागे. ड्रॉइंगमध्ये इमेज असेल तर हॅचटूबॅक दिल्यावर सगळे भराव गायब झाल्यासारखे वाटतात. ते असतात, इमेजच्या खाली. लगेच इमेज निवडून बॅक द्यायचं, काम झालं.

नवा हॅच भरताना तो कुठे बसेल हे एचपीड्रॉऑर्डर या व्हेरिएबलवर, म्हणजे सेटिंगच्या आकड्यावर, ठरतं. मूळ किंमत ३, म्हणजे आपल्या बाऊंड्रीच्या मागे. मग सुरुवातीच्या उदाहरणात हॅच हद्दरेषेवर कसा आला? कुणीतरी ती किंमत ० केलेली असते, किंवा बाऊंड्री दुसऱ्याच पॉलीलाइनची असते आणि हद्दरेषा नुसती तिच्यावरून जात असते.

रेषा खोडून पुन्हा काढली तर ती नवी ठरते आणि सगळ्यांच्या वर जाते. त्याऐवजी असलेलीच रेषा दुरुस्त केली तर क्रम टिकतो. ट्रिम, ब्रेक, फिलेट, ऑफसेट, जॉइन, एक्सप्लोड अशा कमांडनी तयार झालेले तुकडे मूळ ऑब्जेक्टचीच जागा घेतात, ड्रॉऑर्डरसीटीएल या व्हेरिएबलची किंमत ३ असेल तर. ती मुळात ३ असते. फार मोठ्या फाइलमध्ये काम हळू चालतं म्हणून काही जण ती ० करतात, आणि मग क्रम कधी बदलतो, कधी रीजन (ड्रॉइंग स्क्रीनवर पुन्हा उमटवणारी कमांड) दिल्याशिवाय बदललेला दिसत नाही. फाइल दुसऱ्याकडून आली असेल तर हा आकडा आधी बघून घेतलेला बरा.

आता मूळ प्रश्न: लेयरप्रमाणे क्रम हवाच असेल तर? सगळे भराव खाली, त्यावर बारीक रेषा, त्यावर जाड रेषा, त्यावर अक्षरं, असा ठरलेला क्रम प्रत्येक ड्रॉइंगला हवा असतो आणि तो लेयरप्रमाणेच सांगता येतो. ऑटोकॅड तो आपण होऊन पाळत नाही, पण आपण तो करून घेऊ शकतो, आणि पद्धत वाटते त्याहून साधी आहे. सगळ्यात खालच्या लेयरपासून सुरुवात करायची. त्या लेयरवरचं सगळं क्विक सिलेक्टने निवडायचं आणि फ्रंट द्यायचं. मग त्याच्या वरचा लेयर, त्यालाही फ्रंट. असं करत सगळ्यात वरच्या लेयरपर्यंत जायचं. प्रत्येक लेयर आधीच्यावर येऊन बसतो, आणि शेवटी ज्याला फ्रंट दिलं तो सगळ्यांच्या वर राहतो. लेयरच्या आतला आपापसातला क्रम बिघडत नाही. सुरुवात करण्याआधी सगळे लेयर ऑन, थॉ (म्हणजे फ्रीझ काढून) आणि अनलॉक करून घ्या, नाहीतर फ्रीझ राहिलेल्या लेयरवरचे ऑब्जेक्ट निवडीत येत नाहीत आणि नंतर भलत्याच ठिकाणी उगवतात.

वरच्या साइट प्लॅनला हे लावून पाहू. पहिला फ्रंट मोजणी नकाशाच्या इमेजला. दुसरा हिरव्या रस्त्याच्या भरावाला. तिसरा प्रस्तावित इमारतीच्या लाल भरावाला, चौथा पाडायच्या बांधकामाच्या पिवळ्या हॅचला. पिवळा हॅच रेषांचा असतो, सॉलिड नसतो, म्हणून तो लालच्या वर चालतो, उलट केलं तर लालखाली पूर्ण जातो. मग झाडं, चेंबर, पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन. त्यावर इमारतीची बाह्यरेषा आणि तुटक काळी रेषा. त्यावर प्लॉटची हद्द. सगळ्यात शेवटी टेक्स्टटूफ्रंट, तिन्ही प्रकारांसाठी. एवढं केलं की हद्दरेषा चारही बाजूंनी पूर्ण ०.५० मिमीची छापली जाते, कारण तिच्यावर आता अक्षरांखेरीज काही नाही.

ही कामं हाताने करण्यात दम जातो हे खरं. ऑफिसमध्ये लेयरची नावं ठरलेली असतील तर ऑटोकॅडच्या ऑटोलिस्प या भाषेत याचं छोटं प्रोग्रॅमिंग करून ठेवता येतं: लेयरच्या नावांची खालून वर अशी यादी, आणि प्रत्येक नावासाठी त्या लेयरचे ऑब्जेक्ट शोधून ड्रॉऑर्डर फ्रंट. आठ-दहा ओळींचं काम आहे. महापालिकेला ऑनलाइन सबमिशन करणाऱ्या ऑफिसांना तर लेयरची नावं आधीच ठरवून मिळालेली असतात, त्यांनी हे नक्की करावं. एक पथ्य मात्र पाळा: हा क्रम प्रिंट काढण्याआधी, अगदी शेवटी लावा. त्यानंतर काढलेली प्रत्येक नवी रेषा पुन्हा सगळ्यांच्या वर जाणार आहे. दुसऱ्या फाइलमधून कॉपी करून पेस्ट केलेलंही नवंच, तेही वर.

ब्लॉक आणि एक्सरेफमध्ये (बाहेरून जोडलेल्या ड्रॉइंग फाइलमध्ये) हात घातला की वेगळ्या याद्यांचा नियम आडवा येतो. दाराच्या टॅगचा ब्लॉक घ्या: एक वर्तुळ, आत दाराचा नंबर, आणि मागचा हॅच दिसू नये म्हणून वर्तुळाएवढा वाइपआउट, म्हणजे खालचं झाकणारा कोरा तुकडा. वाइपआउट साहजिकच शेवटी काढला जातो, त्यामुळे ब्लॉकच्या आत तो सगळ्यात वर असतो आणि नंबर झाकून टाकतो. बाहेरून त्या ब्लॉकला कितीही वेळा फ्रंट द्या, नंबर दिसणार नाही, कारण बाहेरची यादी अख्ख्या ब्लॉकला एकच ऑब्जेक्ट समजते. ब्लॉक एडिटरमध्ये जाऊन वाइपआउटला बॅक द्यायचं आणि सेव्ह करून बाहेर यायचं. त्या नावाचे ड्रॉइंगमधले सगळे टॅग एकदम सुधारतात. त्यानंतर टॅग भिंतीच्या हॅचवर आहेत ना, हे बाहेरून बघायचं. ब्लॉकच्या आतला क्रम आतून, ब्लॉकचा क्रम बाहेरून.

एक्सरेफचंही तेच, फक्त त्याची आतली यादी मूळ फाइलमध्ये असते. आर्किटेक्टकडून आलेल्या प्लॅनवर प्लंबिंगचं ड्रॉइंग करताना बऱ्याच जणांना हवं असतं असं: आर्किटेक्टच्या खोल्यांचे भराव खाली, मधे आपले पाइप, वर आर्किटेक्टच्या भिंती. एकाच एक्सरेफच्या दोन लेयरच्या मधे काही घालता येत नाही. एक्सरेफ पूर्ण खाली किंवा पूर्ण वर. तोडगा आहे तो फाइलच्या रचनेतच: भराव एका फाइलमध्ये आणि रेषा दुसऱ्या फाइलमध्ये ठेवायच्या, दोन्ही वेगवेगळ्या जोडायच्या, भरावाच्या फाइलला बॅक आणि रेषांच्या फाइलला फ्रंट. प्रोजेक्टच्या सुरुवातीलाच आर्किटेक्टशी हे बोलून घेतलं तर सगळ्यांचं काम हलकं होतं. अर्धं काम झाल्यावर फाइल फोडणं फार त्रासाचं आहे.

लेआउटवरची टायटल शीट, शिक्का, नोट्स आणि व्ह्यूपोर्टमधून (लेआउटवरच्या खिडकीतून) दिसणारं मॉडेल यांच्यातला क्रम ड्रॉऑर्डरने बदलत नाही, कारण दोन्ही जागा वेगळ्या. पेज सेटअपमध्ये ‘पेपर स्पेस शेवटी प्लॉट करा’ असा पर्याय आहे (पेपर स्पेस म्हणजे लेआउटची जागा), तेवढाच उपाय. आणि दोन व्ह्यूपोर्टमध्ये दोन वेगळे क्रम ठेवता येत नाहीत. व्ह्यूपोर्टप्रमाणे लेयरचा रंग, लाइनवेट, पारदर्शकता बदलता येते. क्रम लेयरचा नसल्यामुळे तो त्या यादीत नाही.

झाकायचंच असेल तर वाइपआउट हे एकमेव साधन नाही. एमटेक्स्टला (अनेक ओळींच्या टेक्स्टला) बॅकग्राउंड मास्क देता येतो, म्हणजे अक्षरांमागचा चौकोन कागदाच्या रंगाचा होतो. मापांच्या स्टाइलमध्येही आकड्यामागे भराव देण्याची सोय आहे. मी नेहमी हेच आधी सुचवतो, कारण मास्क टेक्स्टबरोबरच चालतो, टेक्स्ट हलवलं की तोही हलतो. सुटा वाइपआउट मागे राहून जातो आणि महिनाभराने रेषेत पडलेली फट कुठून आली हे कुणालाच सांगता येत नाही. वाइपआउट वापरलाच तर वाइपआउटफ्रेमची किंमत २ ठेवा: चौकट स्क्रीनवर दिसते, छापली जात नाही. मोजणी नकाशाचं स्कॅन काळं-पांढरं असेल तर ट्रान्सपरन्सी ही कमांड त्याच्यातला पांढरा भाग पारदर्शक करते, आणि मग ते वर आहे की खाली याची चिंताच उरत नाही. सॉलिड हॅचला पारदर्शकता देणं हाही मार्ग आहे. पण प्लॉटच्या डायलॉगमध्ये पारदर्शकता छापण्याचा चौकोन वेगळा टिक करावा लागतो, आणि तो टिक केला की ड्रॉइंग इमेजसारखं छापलं जातं, पीडीएफ जड होते. सबमिशनच्या फाइलसाठी मी ते टाळेन.

स्क्रीनवर क्रम बरोबर, प्रिंटवर मात्र चूक, अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी प्लॉटरची सेटिंग ठेवणाऱ्या पीसी३ फाइलमधलं मर्ज कंट्रोल बघा. तिथे दोन पर्याय असतात: रेषा एकमेकींना झाकतील, किंवा एकमेकींत मिसळतील. ‘मिसळतील’ निवडलेलं असेल तर वरचा ऑब्जेक्ट खालच्याला झाकत नाही. वाइपआउटमधूनही रेषा दिसतात आणि मास्क दिलेल्या टेक्स्टमधूनही. मग सॉर्टएन्ट्स हे व्हेरिएबल बघा. क्रमाची यादी कुठे कुठे पाळायची हे त्यात बेरजेने साठवलेलं असतं: सिलेक्शनसाठी १, ऑब्जेक्ट स्नॅपसाठी २, रीजनसाठी १६, प्लॉटिंगसाठी ३२. मूळ किंमत १२७, म्हणजे सगळं चालू. जुन्या फाइलमध्ये ती कधी कधी कमी केलेली सापडते, आणि ती ड्रॉइंगबरोबरच साठवली जात असल्याने फाइलबरोबर तुमच्याकडे येते. याच यादीमुळे एकावर एक असलेल्या ऑब्जेक्टवर क्लिक केलं की वरचा निवडला जातो. खालचा हवा असेल तर शिफ्ट धरून स्पेस दाबत क्लिक करा, एकेक करून खालचे येतात.

हे सगळं टूडी वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या सपाट दृश्यात. व्हिज्युअल स्टाइल शेडेड किंवा हिडन केली की खरी उंची बोलायला लागते. झेड जास्त असलेला ऑब्जेक्ट वरून पाहताना वर दिसतो आणि ड्रॉऑर्डर निष्प्रभ होते. सर्व्हेच्या फाइलमध्ये कंटूर आणि पॉइंट आपापल्या उंचीवर असतात, त्यामुळे तिथे शेडेडमध्ये पाहताना क्रम बिघडल्यासारखा वाटतो. आधी व्हिज्युअल स्टाइल टूडी वायरफ्रेम आहे ना ते बघा.

दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये गणित वेगळं आहे. ब्रिक्सकॅडमध्ये लेयरप्रमाणे ड्रॉ ऑर्डर लावणारी तयार कमांड आहे, तिचं नावच ड्रॉऑर्डरबायलेयर. मायक्रोस्टेशनच्या टूडी मॉडेलमध्ये प्रत्येक एलिमेंटला आणि लेव्हललाही डिस्प्ले प्रायॉरिटीचा आकडा देता येतो, आणि जोडलेल्या रेफरन्स फाइलचा क्रम अपडेट सिक्वेन्समध्ये ठरवता येतो. जिथे क्रम लेव्हललाच देता येतो तिथे वर सांगितलेली फ्रंट-फ्रंटची पायपीट लागत नाही.

म्हणूनच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमवर काम करणाऱ्याकडे जाणार असेल तेव्हा क्रमाची यादी तिथे जशीच्या तशी वाचली जाईल असं धरून चालू नका. डीडब्ल्यूजी आणि डीएक्सएफ या दोन्ही प्रकारच्या फाइलमध्ये ती यादी साठवलेली असते, पण समोरचा प्रोग्रॅम ती वाचेलच असं नाही. तुमच्या मशीनवरून काढलेली पीडीएफ सोबत जोडा आणि पत्रात लिहा की भराव, रेषा, हद्द, अक्षरं हा खालून वर क्रम आहे, तिकडे वेगळं दिसलं तर पीडीएफ प्रमाण मानावी.